चौदावा वाढदिवस आणि मुलाचे ग्रीन कार्ड : या चुका टाळा

अमेरिकेत राहणाऱ्या ग्रीन कार्डधारक मुलाला चौदा वर्षे पूर्ण झाली, की पुढच्या तीस दिवसांत त्याची नव्याने नोंदणी व्हावी आणि त्याने बोटांचे ठसे द्यावेत, असे तिथल्या इमिग्रेशन कायद्याचे कलम २६२ सांगते. ही नोंदणी आय-९० या अर्जाने होते आणि तिच्या शेवटी मुलाच्या हाती नवे कार्ड येते. नवे कार्ड येते म्हणूनच बहुतेक पालक या प्रकाराला नूतनीकरण समजतात, कार्डावरची मुदत पाहतात, ती अजून दोन-तीन वर्षे लांब दिसते आणि कार्ड पुन्हा कपाटातल्या फाइलमध्ये जाते. पुढच्या बऱ्याचशा चुका या एका गैरसमजातून निघतात. इथे प्रश्न मुदतीचा नसून ओळखीचा आहे. लहान मुलाचे कार्ड काढताना त्याची सही घेतलेली नसते, सहीच्या जागी ती माफ असल्याचा शेरा छापलेला असतो. चौदाव्या वर्षी मुलाची सही आणि ठसे सरकारी दप्तरात आणणे हा या अर्जाचा हेतू आहे.

अर्ज भरायला बसण्यापूर्वी तो आपल्या मुलाला लागू होतो का, हे पाहावे. आईवडिलांपैकी एक जण अमेरिकेचा नागरिक झाला असेल, मूल अठरा वर्षांखालचे असेल, त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल आणि ते त्या पालकाच्या कायदेशीर व प्रत्यक्ष ताब्यात अमेरिकेत राहत असेल, तर २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू असलेल्या बाल नागरिकत्व कायद्यानुसार ते मूल आपोआप नागरिक झालेले असते. अशा मुलासाठी आय-९० भरणे म्हणजे जो दर्जा मागे पडला त्याचेच कार्ड पुन्हा मागणे होय. त्याला हवा असतो तो अमेरिकी पासपोर्ट किंवा एन-६०० अर्जावर मिळणारे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र. मात्र पालकाचा नागरिकत्वाचा अर्ज नुसता प्रलंबित असेल, शपथविधी व्हायचा असेल, तर मूल अजून ग्रीन कार्डधारकच आहे आणि तीस दिवसांची अट त्याला लागू आहे. ‘दोन महिन्यांत शपथ होईलच’ या भरवशावर थांबू नये.

दुसरी गल्लत एच-४ व्हिसावरील (नोकरीसाठी एच-१बी व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणारा व्हिसा) मुलांच्या बाबतीत होते आणि भारतीय कुटुंबांना ग्रीन कार्डासाठी जी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते, ती पाहता अशी मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीचे बंधन त्यांनाही आहे. पण त्यांचा अर्ज वेगळा. ११ एप्रिल २०२५ पासून त्यासाठी जी-३२५आर हा विनाशुल्क ऑनलाइन अर्ज आहे. ग्रीन कार्डधारकाने जी-३२५आर भरू नये आणि एच-४ वरील मुलाने आय-९०.

आता पैसे आणि तारखा यांकडे वळू, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथे होतो. आय-९० मध्ये चौदा वर्षांच्या मुलांसाठी दोन स्वतंत्र पर्याय आहेत : सध्याचे कार्ड सोळाव्या वाढदिवसानंतर संपणार असेल तर एक, आणि त्याआधी संपणार असेल तर दुसरा. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या शुल्कनियमानुसार पहिल्या पर्यायाला शुल्क नाही. दुसऱ्याला पूर्ण शुल्क, म्हणजे ऑनलाइन ४१५ डॉलर आणि कागदी अर्जाला ४६५ डॉलर पडतात. साधारण कार्ड दहा वर्षांचे असते, त्यामुळे ढोबळ हिशेब सोपा आहे : मुलाला कार्ड सहाव्या वाढदिवसानंतर मिळाले असेल तर शुल्क नाही, त्याआधी मिळाले असेल तर आहे.

हा हिशेब चुकतो तो तारीख वाचताना. समजा, मुलाचा जन्म २० ऑगस्ट २०११ चा आहे आणि कार्डावर मुदत ०६/०९/२७ अशी छापली आहे. आपल्या सवयीने आपण ती ६ सप्टेंबर २०२७ वाचतो, म्हणजे सोळाव्या वाढदिवसानंतरची, आणि बिनशुल्क पर्याय निवडून मोकळे होतो. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो. ती तारीख ९ जून २०२७ आहे, सोळाव्या वाढदिवसाच्या अगोदरची, आणि तो अर्ज शुल्कासह दुसऱ्या पर्यायाखाली जायला हवा होता. गंमत म्हणजे त्याच कार्डावर जन्मतारखेतला महिना अक्षरांत असतो, त्यामुळे तिथे कोणी चुकत नाही आणि खालच्या तारखेत हमखास चुकतो. याच मुलासाठी तीस दिवसांची मुदत १९ सप्टेंबर २०२५ ला संपली. वाढदिवसाच्या आधीच अर्ज पाठवून टाकण्याची घाईही करू नये, कारण दोन्ही पर्यायांचे शब्द ‘चौदा वर्षे पूर्ण झाली आहेत’ असेच आहेत. कागदी अर्जासोबत चेक जोडण्याची जुनी पद्धत २८ ऑक्टोबर २०२५ पासून सरसकट चालत नाही. क्रेडिट-डेबिट कार्डाने किंवा थेट बँक खात्यातून पैसे भरावे लागतात. ऑनलाइन अर्ज केला तर हा प्रश्नच उरत नाही.

अर्जातील बाकीची माहिती मुलाच्या कार्डावरून उतरवावी, आपल्या आठवणीवरून नव्हे. कार्डावर वर्गाचा एक संकेतांक असतो. नोकरीच्या दुसऱ्या श्रेणीतून, अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मिळालेल्या कुटुंबात मूळ अर्जदाराचा संकेतांक ई२६, जोडीदाराचा ई२७ आणि मुलाचा ई२८ असतो. वडील स्वतःचा ई२६ पाठ असल्यामुळे तोच मुलाच्या अर्जात लिहून बसतात.

नावाचा प्रश्न मराठी घरांत अधिक नाजूक आहे. वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लावण्याच्या आपल्या रीतीमुळे भारतीय पासपोर्टमध्ये मुलीचे नाव कधी ‘आर्या सचिन’ असे एकाच रकान्यात येते, शाळेत ती नुसती ‘आर्या’ असते आणि कार्डावर तिसरेच काही असते. नोंदणीच्या अर्जात कार्डावर आहे तसेच नाव द्यावे. ते बदलून हवे असेल तर नावातील बदल हे अर्जाचे वेगळे कारण आहे, त्याला कायदेशीर पुरावा लागतो. नोंदणीच्या निमित्ताने जाता जाता नाव सरळ करून घेता येत नाही. नव्या कार्डात चूक इमिग्रेशन खात्याकडून झाली असेल तर दुरुस्ती विनाशुल्क होते, पण चूक आपल्या अर्जातूनच गेली असेल तर पुन्हा पूर्ण शुल्क भरावे लागते. म्हणून पाठवण्याआधी अर्जाची प्रत काढून कार्ड शेजारी ठेवावे आणि अक्षर अक्षर ताडून पाहावे, तेही दुसऱ्या माणसाने.

सही मुलाने करायची आहे. आईवडील किंवा पालक सही करू शकतात ते चौदा वर्षांखालील मुलासाठी. इथे तर चौदा पूर्ण झाल्याशिवाय अर्जच होत नाही. तरीही लहानपणापासून प्रत्येक फॉर्मवर आपण सही करत आलेलो असतो आणि हात आपसूक पुढे जातो. ऑनलाइन खातेही मुलाच्या नावाने उघडावे. आणखी एक साधी गोष्ट : तेरा-चौदा वर्षांच्या बऱ्याच मुलांनी आयुष्यात कधी सही केलेली नसते. ठसे देण्याच्या केंद्रावर इलेक्ट्रॉनिक पाटीवर जी सही होईल ती पुढे दहा वर्षे कार्डावर राहील, तेव्हा घरी वहीच्या मागच्या पानावर दहा-बारा वेळा सराव करून घेतलेला बरा. आमच्या घरी हा कार्यक्रम जेवणाच्या टेबलावर झाला आणि त्यातून निघालेली सही वडिलांच्या सहीपेक्षा चांगली वाचता येते.

ठशांच्या भेटीचे पत्र आले की ते पत्र, सध्याचे कार्ड आणि मुलाचा पासपोर्ट घेऊन जावे; फोटो तिथेच काढतात, वेगळे न्यावे लागत नाहीत. या भेटीला न कळवता गैरहजर राहिल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानून तो नामंजूर होऊ शकतो. जून ते ऑगस्ट या सुट्टीत भारतात जाणाऱ्या कुटुंबांची अडचण नेमकी इथे होते : अर्ज मे महिन्यात जातो, पत्र जूनमध्ये येते आणि घरचे सगळे पुण्यात किंवा कोल्हापुरात आजीकडे असतात. अशा वेळी नेमलेल्या तारखेच्या आधीच ऑनलाइन खात्यातून, सबळ कारण देऊन तारीख बदलून घ्यावी. प्रवासाला मात्र बंदी नाही. जुने कार्ड मुदतीत असेल तोवर त्यावर परत येता येते. चौदावा वाढदिवस अमेरिकेबाहेर आला असेल, तर परतल्यावर लगेच अर्ज करावा, कारण ठसे अमेरिकेतल्या केंद्रावरच द्यायचे असतात.

मधल्या काळात घर बदलले तर दहा दिवसांत नवा पत्ता इमिग्रेशन खात्याला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. टपाल खात्याला पत्ता दिला म्हणजे झाले, असे नाही. कार्डाचे पाकीट नव्या पत्त्यावर न जाता परत पाठवणाऱ्याकडे जाते.

आणि तीस दिवस उलटून गेले असतील तर? घाबरून अर्ज आणखी लांबवणे, ही त्याहून मोठी चूक ठरते. उशिरामुळे मुलाचा कायम वास्तव्याचा दर्जा आपोआप जात नाही आणि कायद्यातील शिक्षेची तरतूद जाणूनबुजून नोंदणी टाळणाऱ्यासाठी आहे. लक्षात आले त्याच आठवड्यात अर्ज करावा, पोचपावती जपून ठेवावी आणि मुलाला रोज कार्ड खिशात घालून शाळेत पाठवू नये. कार्ड सतत जवळ बाळगण्याची सक्ती अठरा वर्षांपासून सुरू होते, तोवर ते घरातल्या कुलुपातच ठेवावे.