कोंड्यावर घरगुती उपाय करताय? मग या चुका टाळा

थंडी सुरू झाली की काळ्या शर्टाच्या खांद्यावर पांढरा भुगा दिसायला लागतो आणि घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. आजी म्हणते तेल लाव, मावशी म्हणते लिंबू चोळ, आणि आपण बिचारे एकाच आठवड्यात सगळंच डोक्यावर थापून मोकळे होतो, मग म्हणायचं की घरगुती उपायांनी काही होत नाही.

सगळ्यात मोठी चूक तेलाची. कोंडा म्हणजे डोकं कोरडं पडलंय असं समजून लोक रात्रभर खोबरेल चोपडून झोपतात. पण कोंड्यामागे बहुतेक वेळा मॅलॅसेझिया नावाची यीस्ट म्हणजे बुरशी असते, ती तुमच्याआमच्या सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि टाळूच्या तेलावरच जगते. तेलातले तिला हवे ते फॅटी अॅसिड ती खाते आणि ओलेइक अॅसिड मागे राहतं, ज्यांना ते सोसत नाही त्यांची टाळू खाजते, लाल होते, खपल्या सुटतात. आता ऑलिव्ह ऑइल म्हणजे मुख्यतः ओलेइक अॅसिडच, म्हणजे महागडी बाटली आणून आपण आगीतच तेल ओततोय! तेल लावल्या दिवशी कोंडा गेल्यासारखा वाटतो कारण खपल्या चिकटून बसतात, एवढंच. तेलाशिवाय करमतच नसेल तर न्हायच्या आधी तासभर थोडंसं लावा, खपल्या मऊ होतील, आणि नंतर शाम्पूने नीट काढा. खरंच कोरडी टाळू असेल तर भुगा बारीक आणि सुका असतो, कोंड्याच्या खपल्या जरा मोठ्या, तेलकट, पिवळट. नखाने हळूच काढून बघा, कळतं.

लिंबू. अख्खं लिंबू कापून टाळूवर घासणारे लोक मी बघितलेत 🙏 लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लपणा मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 2 च्या आसपास, टाळूचा साधारण साडेपाच, त्यात खाजवून आधीच ओरखडे पडलेले, मग चुरचुरणारच, आणि ते 'चुरचुरतंय म्हणजे काम करतंय' वगैरे काही नसतं. शिवाय रस कपाळावर ओघळला आणि तसंच उन्हात गेलात तर त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत. खाण्याचा सोडा पण नको, तो उलट्या टोकाला, अल्कली.

मेथीची पेस्ट, दही, शिकेकाई पावडर यांचा वेगळाच घोळ. वाळेपर्यंत ठेवतात आणि मग दोन मग पाण्यात उरकतात. मेथीचे कण केसांच्या मुळाशी वाळून बसतात, दुसऱ्या दिवशी कंगव्यात पांढरट-पिवळा चुरा येतो आणि बाई म्हणते कोंडा वाढला! अहो, ती मेथी आहे. लावायचीच तर गाळून लावा, ओली असतानाच धुवा.

टी ट्री ऑइल (टी ट्री नावाच्या झाडाच्या पानांचं तेल) मात्र बऱ्यापैकी टेस्ट झालेलं आहे, 2002 साली 5 टक्के टी ट्री ऑइलच्या शाम्पूचा अभ्यास झाला, 4 आठवड्यांत कोंडा बराच कमी झाला. पण 5 टक्के म्हणजे 100 मिलीत 5 मिली, बाटलीतून थेट टाळूवर नाही. आधी कानामागे लावून बघा.

आणि लहान मुलांच्या डोक्याला कापूर-खोबरेल अजिबात नको. कापूर त्वचेतून आत जातो, पोटात गेला तर फारच वाईट, छोट्या मुलांना फिट्स येऊ शकतात.

औषधी शाम्पूत पण घाई नडते. किटोकोनॅझोलवाला (म्हणजे बुरशी मारणाऱ्या औषधाचा) शाम्पू लावला की लगेच धुऊ नका, 3 ते 5 मिनिटं टाळूवर राहू द्या, आठवड्यातून दोनदा, 2 ते 4 आठवडे. कमी झाला की एकदम बंद करू नका, अधूनमधून चालू ठेवा, कोंडा परत येतोच.

महिनाभरात फरक नाही, जाड चंदेरी खपल्या केसांच्या बाहेर कपाळावर किंवा कानापर्यंत सरकल्यात, किंवा मुलाच्या डोक्यावर गोल टक्कल पडलंय, तर स्किनवाल्या डॉक्टरकडे जा, तो सोरायसिस (त्वचेचा एक जुनाट आजार) किंवा गजकर्ण असू शकतो. फक्त जाताना डोक्याला तेल लावून जाऊ नका, खपल्या दिसतच नाहीत मग डॉक्टरांना.