रिपीटरमधली खरखर: पहिल्यांदा शोधायला जाणाऱ्यांसाठी

रिपीटरवर, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर तेच परत पाठवणाऱ्या रेडिओ स्टेशनवर, खरखर येतेय अशी तक्रार आली की माझं पहिलं सांगणं एकच, लगेच डुप्लेक्सरचे (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर वेगळे ठेवणारा फिल्टर) स्क्रू फिरवू नका. सुरुवातीला मी तेच केलं होतं, मूळ बिघाड होता तिथेच राहिला आणि वर ट्यूनिंग गेलं, मग एकाऐवजी दोन बिघाड शोधत बसलो.

आधी शांतपणे ऐका. लांबचा, कमी सिग्नलवाला माणूस बोलायला लागला, रिपीटरने उचललं, ट्रान्समीटर चालू झाला आणि त्याच क्षणी त्याचा आवाज खरखरीत बुडाला, मग रिपीटर सुटला, परत उचललं, परत सुटला, असं चक्र चाललंय का? मग तो बहुतेक डिसेन्स, म्हणजे आपलाच ट्रान्समीटर आपल्याच रिसीव्हरला बहिरा करतोय. 50 वॅट म्हणजे +47 डीबीएम (1 मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली पॉवर) आणि रिसीव्हरला ऐकायचंय पाव मायक्रोव्होल्ट, म्हणजे साधारण -119 डीबीएम, 166 डीबीचा फरक आणि दोघं एकाच अँटेनावर एकाच वेळी!

आता सिस्टीमचे दोन भाग करा. ट्रान्समीटर बंद करून डुप्लेक्सरच्या अँटेना पोर्टला आयसो-टी (मुख्य लाइनमध्ये थोडासाच सिग्नल सोडणारा टी-जोड) लावा, पुढे डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रोध), आणि टीमधून सिग्नल जनरेटरने 12 डीबी सिनॅड (नॉइजच्या तुलनेत आवाज किती स्वच्छ आहे याचं माप) येईल इतकाच सिग्नल द्या. मग ट्रान्समीटर चालू करा. सिनॅड पडला तर दोष डुप्लेक्सर, रेडिओ किंवा मधल्या जंपरमध्ये (छोट्या जोड-केबलमध्ये). पडला नाही तर ट्रान्समीटर बंद करून डमी लोडच्या जागी अँटेना जोडा. ट्रान्समीटर बंद असतानाच तेवढ्याच सिनॅडसाठी डमी लोडपेक्षा सिग्नल जास्त द्यावा लागतोय? मग नॉइज बाहेरून येतोय. चालू केल्यावरच बिघडतंय तर फीडर (अँटेनापर्यंतची केबल), कनेक्टर, अँटेना किंवा टॉवरवरचं गंजलेलं काहीतरी.

मला एकदा डमी लोडवरच सिनॅड पडत होता, तेही मधूनमधून. डुप्लेक्सर नीट होता. शेवटी एका हाताने ट्रान्समिटच्या जंपरला हळूच वाकवत मीटरकडे बघत राहिलो आणि केबल हलली की आकडा उड्या मारत होता. ती अॅल्युमिनियम फॉइल आणि वर टिन्ड कॉपर ब्रेडवाली (कथिल चढवलेल्या तांब्याच्या विणलेल्या जाळीची) केबल होती, दोन वेगळ्या धातूंचा तो सैल संपर्क डुप्लेक्समध्ये नॉइज तयार करतो. केबल चांगली दिसत होती, लॉसही कमी होता, म्हणूनच कुणाला संशय आला नव्हता. चांदीचा मुलामा असलेली डबल ब्रेडची केबल टाकली आणि खरखर गेली. तेव्हापासून रिपीटरच्या आत मी दुसरी केबल लावतच नाही, अडॅप्टरच्या रांगाही काढून टाकतो.

टोन (ठरावीक सूर आला तरच रिपीटर उघडण्याची सोय) लावल्यावर खरखर गेली म्हणून खूश होऊ नका, टोनने फक्त झाकलं जातं, रिसीव्हर तितकाच बहिरा राहतो.

दुसऱ्याच कुणाचं बोलणं येत असेल तर इंटरमॉड (दोन सिग्नल मिसळून तिसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर नवा सिग्नल, म्हणजे प्रॉडक्ट, तयार होणं) तपासा, 150 आणि 155 मेगाहर्ट्झचे ट्रान्समीटर एकाच वेळी चालू असतील तर 2×150-155 म्हणजे 145 वर प्रॉडक्ट येतो. रिसीव्हरच्या इनपुटला 3 डीबीचा अॅटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) लावा, त्रास 3 डीबीनेच कमी झाला तर तो बाहेर तयार होतोय, 9 च्या आसपास घटला तर आपल्याच रिसीव्हरमध्ये, मग पुढे फिल्टर लागेल. बाहेर तयार होत असेल तर ट्रान्समीटरवर आयसोलेटर (पॉवर एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा किंवा गंजलेले सांधे शोधा.

सतत भुणभुण असेल तर रिपीटर बॅटरीवर घ्या आणि खोलीतले चार्जर, एलईडी दिवे एकेक बंद करत जा, प्रत्येकाच्या पुढे वेळ आणि आकडा वहीत लिहा.