चालता धंदा विकत घेताय? विक्रेत्याच्या हमीपत्रातल्या या चुका टाळा

मुंबईत चालता धंदा हात बदलतो तेव्हा घासाघीस होते ती रकमेवर आणि ताब्याच्या तारखेवर. वडाळ्याच्या गाळ्यातला छापखाना असो, दादरचं उपाहारगृह असो की गोरेगावचं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट, करारनाम्यात हमीचं कलम बहुधा एकाच ओळीचं असतं: ‘सर्व यंत्रसामग्री विक्रेत्याच्या मालकीची, बोजाविरहित व चांगल्या स्थितीत आहे.’ या ओळीच्या भरवशावर लोक घर गहाण ठेवून पैसे उभे करतात. खरं तर तिच्यात मालकी, बोजा (म्हणजे वस्तूवर असलेला कर्जाचा किंवा तारणाचा हक्क) आणि स्थिती अशा तीन वेगळ्या हमी कोंबलेल्या आहेत आणि तिन्ही अर्धवट आहेत. असे करार हाताळताना ज्या जागी खरेदीदार हमखास अडकतात, त्या जागा इथे मांडतो.

यादी न जोडता हमी घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

मोल्डिंगचं युनिट घ्या. चार इंजेक्शन मशीन, चिलर, कॉम्प्रेसर, ग्राइंडर आणि भिंतीलगतच्या लोखंडी मांडणीवर ओळीने ठेवलेले डाय, म्हणजे प्लास्टिकला आकार देणारे साचे. खरेदीदार मनात धरतो की डायही आपले. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे गिऱ्हाइकांचे असतात. त्यांनी स्वतःच्या पैशाने साचे बनवणाऱ्या टूलरूममधून करून घेतलेले, आपलं काम करून घ्यायला इथे आणून ठेवलेले. ताबा घेतल्यावर महिन्याभरात एखादं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन येतं आणि आपला डाय उचलून नेतं. त्या डायबरोबर ऑर्डरही जाते. विक्रेता खोटं बोललेला नसतो. ‘सर्व यंत्रसामग्री’ असं त्याने लिहून दिलं होतं, त्यात काय येतं हे कोणी विचारलंच नव्हतं.

उपाहारगृहातही तेच. शीतपेयांचा काचेचा फ्रिज पेय कंपनीचा, आइस्क्रीमचा फ्रीझर आइस्क्रीमवाल्यांचा, सिलिंडर गॅस कंपनीचे, कार्ड घासायचं मशीन बँकेचं, कॉफीचं मशीन भाड्याचं. हे सगळं वजा केलं की विक्रेत्याच्या मालकीची उरते ती भट्टी, एक्झॉस्ट, टेबलं आणि भांडी.

म्हणून दोन परिशिष्टं करा. पहिल्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ: कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, खरेदीच्या बिलाचा क्रमांक व तारीख, नंबर प्लेटचा फोटो. दुसऱ्यात जागेवर असलेल्या पण दुसऱ्यांच्या मालकीच्या वस्तू, कोणाच्या आहेत त्या नावासकट. माझा जास्त आग्रह या दुसऱ्या यादीसाठी असतो, कारण ती लिहायला बसल्यावर विक्रेत्यालाच एकेक गोष्ट आठवू लागते. यादी तयार झाली की गाळ्यात उभं राहून सीरियल नंबर पडताळून पाहा. प्लेट खरवडलेली किंवा गायब असेल तर तिथल्या तिथे विचारा.

बिलावरचं नावही वाचा. मशीन वडिलांच्या प्रोप्रायटरी फर्मच्या नावाने घेतलेलं आणि विकणारी मुलांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, हे चित्र इथे नेहमीचं आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले असतील तर त्या मालमत्तेवर सगळ्या वारसांचा हक्क येतो, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचाही. त्यांची लेखी संमती हवी. भागीदारी असेल तर सगळ्या भागीदारांच्या सह्या घ्या. ‘मोठा भाऊच सगळं बघतो’ हे उत्तर पुरत नाही. ब्रँडच्या नावाचंही असंच: ट्रेडमार्क फर्मच्या नावे नोंदलेला आहे की एका भागीदाराच्या, ते नोंदणी प्रमाणपत्रावरून कळतं.

कायदा सांभाळून घेईल असं समजणं

मालकीच्या बाबतीत कायदा थोडाफार सांभाळतो. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १४ नुसार करारात काही लिहिलं नसलं तरी विक्रेत्याला विकायचा हक्क आहे, खरेदीदाराला विनाअडथळा उपभोग मिळेल आणि न सांगितलेला बोजा नसेल, असं गृहीत धरलं जातं. पण कलम २७ प्रमाणे विक्रेत्याकडे जेवढी मालकी आहे तेवढीच तुमच्याकडे येते. त्याची नसलेली वस्तू तुम्ही पूर्ण पैसे मोजून घेतली, तरी काही मोजके अपवाद सोडले तर ती तुमची होत नाही. उरतो तो फक्त त्याच्याकडून भरपाई मागण्याचा हक्क.

स्थितीच्या बाबतीत मात्र कायदा उलटा उभा आहे. कलम १६ सांगतं की दर्जाची किंवा उपयुक्ततेची हमी आपोआप नसते. तिथले अपवाद मुख्यतः त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्यांना लागू होतात. छापखान्याचा मालक छपाईचा धंदा करतो, मशीन विकायचा नाही. तेव्हा त्याच्या ऑफसेट मशीनच्या रोलरबद्दल करारात शब्द नसेल, तर बहुधा हातात काही राहत नाही. त्यात ‘जसं आहे तसं, जिथे आहे तिथे’ हे कलम घातलेलं असेल तर गर्भित, म्हणजे न लिहिता गृहीत धरलेल्या, हमीसुद्धा काढून टाकता येतात. कलम ६२ तशी मुभा देतं.

आणखी एक. माल एकदा स्वीकारला की सहसा तो परत करता येत नाही, नुकसानभरपाईच मागता येते. ताबा पावतीवर सही करण्याआधी हे डोक्यात असू द्या.

कंपनीचे शेअर घेत असाल तर गणित वेगळं. यंत्रं कंपनीचीच राहतात, तुम्ही विकत घेता ते शेअर आणि त्यांच्या मागे कंपनीची सगळी जुनी देणी येतात. तिथे कंपनीकडच्या प्रत्येक मालमत्तेबद्दल शेअर विकणाऱ्यांकडून वेगळी हमी लिहून घ्यावीच लागते.

‘कर्ज फिटलंय’ या शब्दावर थांबणं

कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं बँक कर्ज) घेतलेल्या धंद्यात स्टॉक आणि मशीन बँकेकडे हायपोथिकेशनवर, म्हणजे ताबा न देता तारण, असतात. माल गाळ्यातच असतो, वापर चालू असतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. भिंतीवर बँकेच्या नावाची पाटी असेल तर नशीब, कधी ती कपाटामागे गेलेली असते.

विक्रेता कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर चार्जची, म्हणजे बोजाची, नोंद पाहा. कर्ज फिटूनही ते फिटल्याचं कळवणारा फॉर्म सीएचजी-४ भरलेला नसेल तर नोंद तशीच दिसते, ती मिटवून घ्या. प्रोप्रायटर आणि भागीदारी फर्मचे बोजे त्या पोर्टलवर दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी सेरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदणीवर शोध घ्या, ताळेबंदातली तारण कर्जं वाचा आणि बँकेचं लेखी पत्र मागा. टेम्पोच्या आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव असेल तर तिची एनओसी आणि ते नाव काढण्यासाठीचा फॉर्म ३५ लागतो. बँकेचं देणं शिल्लक असेल तर मोबदल्यातला तेवढा भाग थेट कर्जखात्यात भरा आणि बोजा सोडल्याचं पत्र ताब्याआधी हातात घ्या. विक्रेत्याच्या हातात पैसे देऊन तो बँकेत भरेल याची वाट पाहू नका.

धंद्याच्या मागोमाग सरकारी देणीही येतात. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार हस्तांतरापर्यंतच्या कर, व्याज आणि दंडासाठी विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार ठरतात, रक्कम नंतर ठरली तरी. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीबाबतही नव्या मालकाकडे बोट येतं. वीजबिलाचं तेच: मागच्या मालकाची थकबाकी नव्या जोडणीसाठी नियमानुसार मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केलं आहे.

‘चांगल्या स्थितीत’ एवढंच लिहिणं

चांगलं म्हणजे किती, हे कोर्टात सिद्ध करताना दमछाक होते. मोजता येईल अशी हमी घ्या. मशीन अमुक सायकल टाइमला (एक तुकडा काढायला लागणाऱ्या वेळात), अमुक वजनाचा तुकडा, सलग एक पाळी, ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी रिजेक्शनने काढतं. कॉम्प्रेसर ठरलेला दाब धरून ठेवतो. शेवटचं सर्व्हिसिंग अमुक तारखेला झालं, त्याची कागदपत्रं जोडली आहेत. गेल्या बारा महिन्यांत कोणते सुटे भाग बदलले, त्याची बिलं इथे आहेत.

आणि चाचणी थंड मशीनवर घेऊ नका. पहिल्या अर्ध्या तासात सगळीच मशीन बरी चालतात. तेल तापल्यावर हायड्रॉलिकची गळती दिसते, स्क्रू आणि बॅरलची झीज शॉटच्या, म्हणजे एका वेळी साच्यात ढकललेल्या प्लास्टिकच्या, वजनातल्या फरकातून कळते. स्वतःचा फिटर घेऊन जा, पूर्ण पाळी उभे राहा आणि निकालाच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. तो कागद म्हणजे तिसरं परिशिष्ट.

सही आणि ताबा यांच्यात दोन-तीन महिने जातात. तेवढ्यात चांगली मोटर निघून जुनी बसते, आलेला स्टॉक संपून पडून राहिलेला उरतो. म्हणून हमी सहीच्या दिवशी खरी आहे एवढंच लिहून भागत नाही. ताब्याच्या दिवशीही ती तशीच खरी आहे, असं लिहून घ्या आणि त्या सकाळी यादी पुन्हा पडताळा.

‘विक्रेत्याच्या माहितीनुसार’ हे दोन शब्द तसेच राहू देणं

विक्रेत्याचे वकील हे शब्द घालतात, तो त्यांचा हक्क आहे. यंत्राच्या आतल्या दोषाबाबत ते मान्य करायला हरकत नाही, पण माहिती म्हणजे मालकाची, व्यवस्थापकाची आणि फोरमनची, योग्य चौकशीनंतरची, असं स्पष्ट करा. मालकी आणि बोजाच्या कलमातून मात्र ते काढायला लावा. वस्तू आपली आहे की नाही हे विक्रेत्याला ठाऊक असायलाच हवं.

तुम्ही तपासणी केली म्हणून हमी कमी होत नाही, हेही लिहा. नाहीतर पुढे ‘तुम्ही बघूनच घेतलंत’ हे उत्तर ठरलेलं. भारतीय करार कायद्याच्या कलम १९ मध्ये, साध्या काळजीने सत्य कळलं असतं तर चुकीच्या माहितीच्या कारणावरून करार रद्द करता येत नाही, असा अपवाद आहे. तो तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

जागेचं नंतर बघू म्हणणं

गाळा पागडीचा असेल तर भाडेहक्क घरमालकाच्या संमतीशिवाय हस्तांतरित होत नाही. एमआयडीसीचा भूखंड असेल तर महामंडळाची परवानगी आणि हस्तांतर शुल्क. उपाहारगृहाचा महापालिकेचा आरोग्य परवाना आणि अन्नसुरक्षा परवाना मशीनसारखे विकत मिळत नाहीत. हे सगळं ताब्याच्या आधीच्या अटींमध्ये टाका, नंतर करायच्या कामांमध्ये नको.

हमीच्या मागे पैसा न ठेवणं

धंदा विकल्यावर विकणाऱ्या कंपनीत बहुधा काही उरत नाही. रिकाम्या कंपनीविरुद्ध जिंकलेला दावा वसूल कुठून करणार? मालकांची वैयक्तिक हमी घ्या. मोबदल्याचा काही भाग ठरलेल्या मुदतीपर्यंत एस्क्रोमध्ये (तिऱ्हाइताकडच्या राखीव खात्यात) किंवा स्वतःकडे राखून ठेवा. देणी आणि मालकीच्या वादांसाठी नुकसानभरपाईचं स्वतंत्र कलम लिहा. मशीन बंद पडल्याने ऑर्डर गेली तर तो तोटाही मागायचा असेल, तर कोणत्या ऑर्डरी अवलंबून आहेत ते करारात नोंदवा. दूरचं नुकसान करार कायद्याच्या कलम ७३ खाली मिळत नाही.

दाव्याची मुदत घालताना जपून. ठरलेल्या काळानंतर हक्कच संपेल असं लिहिलेलं कलम करार कायद्याच्या कलम २८ खाली निरर्थक ठरू शकतं. त्यामुळे विक्रेत्यानेही ‘सहा महिन्यांत सगळं मिटलं’ असं धरून चालू नये.

ताबा घेतलाय आणि दोष आता निघाला, तर

आधी दुरुस्ती करू नका. व्हिडिओ काढा, फिटरचा लेखी अहवाल घ्या, बदललेला भाग भंगारात टाकू नका. करारात दिलेल्या पद्धतीने आणि दिलेल्या मुदतीत लेखी नोटीस द्या, फोनवरचं बोलणं मोजू नका. विक्रेत्याला येऊन पाहण्याची संधी द्या आणि तो आला नाही तर तशी नोंद ठेवा. शेवटचा हप्ता शिल्लक असेल तर माल विक्री कायद्याच्या कलम ५९ नुसार हमीभंगाची रक्कम किमतीतून वळती करता येते. मात्र हप्ता नुसता थांबवू नका, किती रक्कम कोणत्या हमीपोटी वळती करताय ते लिहून कळवा.

विक्रेत्यांना एकच सांगणं आहे. जे बिघडलेलं आहे ते खुलाशाच्या पत्रात लिहा: तीन नंबरच्या मशीनचा हीटर वारंवार जातो, दोन डाय अमुक गिऱ्हाइकाचे आहेत, कॉम्प्रेसरचं बिल सापडत नाही. खरेदीदार त्यावर किंमत थोडी पाडेल. पण खुलासा केलेल्या दोषांसाठी हमीभंगाचा दावा लावता येणार नाही, असं कलम तुम्हाला मागता येतं, आणि शहाणा खरेदीदार ते देतो.