जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची भांडी वापरताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आंबट पदार्थ अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात करून रात्रभर त्यातच ठेवणं. चिंचगुळाची आमटी, टोमॅटोचं सार, ताकाची कढी, सगळं त्यातच. या धातूवर ऑक्साईडचा पातळ थर आपोआप येतो आणि तोच अन्नाला धातूपासून लांब ठेवतो, पण आंबट आणि मीठ एकत्र आले की तो थर खायला लागतात. पितळेत ताक कळकलं की जिभेला लगेच कळतं, इथे चव फारशी बदलत नाही म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. पातेलं धुताना आतून बारीक खड्डे दिसले ना, तर तो धातू अन्नात उतरलाय समजा. गॅस बंद केला की स्टीलमध्ये काढा. उरलेली भाजी फॉइलने झाकतानाही तेच, आंबट रस्सा फॉइलला टेकू देऊ नका.

पण म्हणून घाबरून घरातली सगळी भांडी भंगारात देऊ नका हो. 1965 मध्ये सशांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार टोचून प्रयोग झाले तेव्हापासून अल्झायमरची भीती पसरली, पण भांड्यांमुळे अल्झायमर होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. पोटात गेलेल्यातलं एक टक्क्याहूनही कमी रक्तात जातं आणि त्यातलं बहुतेक किडनी लघवीवाटे बाहेर काढते.

खरी काळजी आहे ती किडनी कमजोर असलेल्यांची. 1970 च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या अ‍ॅल्युमिनियमने पेशंटची बोलणं अडखळणं, झटके येणं अशी अवस्था झाली होती, जीवही गेले. अशा माणसाने अ‍ॅल्युमिनियम असलेली अ‍ॅसिडिटीची गोळी मनाने घेणं ही चूक मला भांड्यांपेक्षा कितीतरी मोठी वाटते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2008 मध्ये दर किलो वजनामागे आठवड्याला 1 मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 मिलिग्रॅम, आणि अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साईडच्या एकदोन गोळ्यांतच तेवढं होऊन जातं. वर लिंबू सरबत घेतलं तर सायट्रेटमुळे ते आणखी शोषलं जातं. घरात किडनीचा पेशंट असेल तर पाकिटावरचं नाव वाचा आणि आधी डॉक्टरांना विचारा.

कुकर आतून काळा पडला की तारेच्या घासणीने खरवडणं, हीपण चूक. काळपटपणाने काही होत नाही, खरवडल्याने मात्र वरचा थर जातो. डब्यात वरण-भात लावताना कुकरच्या पाण्यात लिंबाची फोड टाका, काळं धरत नाही, आणि ते पाणी आपण पीतही नाही. सोड्याने घासू नका, त्याने जास्त काळं पडतं.

आणि बाजारात वजनावर मिळणारं, कुठला मार्क नसलेलं स्वस्त पातेलं घेऊ नका. भंगार वितळवून केलेल्या भांड्यात शिसं असू शकतं, आणि शिशाची सुरक्षित पातळी अशी नसतेच, लहान मुलांना तर त्याचा त्रास सगळ्यात जास्त. 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, हिंडालियम (अ‍ॅल्युमिनियमचाच मिश्रधातू) नावाने विकल्या जाणाऱ्या काही भांड्यांतून शिसं अन्नात उतरू शकतं असा इशारा दिला, तिकडे राहत असाल आणि इथून नेलेली अशी कढई वापरत असाल तर ती बंद करा आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातलं शिसं तपासून घ्या.