गाडी न घेता स्वित्झर्लंड

बडोद्यात कुणी स्वित्झर्लंडला जाऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कुणाबरोबर गेलात?" म्हणजे कुठल्या टूरबरोबर. मी आणि हे दोघंच गेलो, आठ दिवस, रेल्वे, बस आणि बोटीनं. परत आल्यापासून दांडिया बाजारातल्या जाऊबाई आणि भिशीतल्या मैत्रिणी इतकं विचारतायत की सगळं एकदा लिहूनच काढते.

आधी मुक्काम. रोज नवं गाव, रोज बॅगा भरणं, हे करूच नका. आम्ही ल्युसर्नला तीन रात्री राहिलो आणि इंटरलाकेनला चार. सकाळी निघायचं, संध्याकाळी त्याच खोलीत परत. खोली स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटांवर हवी, त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील. इंटरलाकेनला ओस्ट आणि वेस्ट अशी दोन स्टेशनं आहेत. डोंगरात जाणाऱ्या गाड्या ओस्टहून सुटतात, तेव्हा तिथलीच खोली बघा.

मग पास. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा मिळतो. रेल्वे, पिवळ्या पोस्टबस, तळ्यातल्या बोटी, शहरातल्या ट्राम आणि पाचशेवर संग्रहालयं त्यात येतात. डोंगरावरचं सगळं मात्र येत नाही. रिगी डोंगर पूर्ण येतो, पण युंगफ्राउयोख या उंचावरच्या स्टेशनला जाताना वरच्या टप्प्याचं तिकीट सवलतीत वेगळं काढावं लागतं. दुसरा पर्याय हाफ फेअर कार्डाचा. ते महिनाभर चालतं आणि बहुतेक तिकिटं अर्ध्या दरात मिळतात. मी वहीत रोजच्या प्रवासाचं भाडं लिहून बेरीज केली, तेव्हा आमच्यासारख्या रोज फिरणाऱ्यांना पास परवडतो हे दिसलं. एकाच गावात निवांत बसणार असाल तर हाफ फेअर बरं. सोळाच्या आतली मुलं असतील तर पास घेतानाच फॅमिली कार्ड मागून घ्या. आई किंवा वडील बरोबर असले की मुलांना भाडं पडत नाही.

माझ्या मते खरी गंमत वेळापत्रकात आहे. १९८२ पासून तिथल्या गाड्या दर तासाला त्याच ठरलेल्या मिनिटाला सुटतात. नऊ वाजून सहा मिनिटांची गाडी असेल तर दहा वाजून सहालाही असतेच. त्यामुळे एक गाडी चुकली म्हणून दिवस वाया जात नाही. एसबीबीच्या, म्हणजे स्विस रेल्वेच्या, ॲपमध्ये गाडी बदलायला पाचच मिनिटं दाखवली की आपल्याला धडकी भरते. यांनी पहिल्या दिवशी मला अक्षरशः पळवलं, आणि पुढची गाडी समोरच्याच फलाटावर उभी होती!

फलाटावर ए, बी, सी, डी असे विभाग असतात, ते नीट बघा. आमची एक चूक सांगते. इंटरलाकेन ओस्टहून ग्रिंडेलवाल्डला निघालो आणि समोर दिसला त्या डब्यात चढलो. झ्वायल्युचिनेनला गाडीचे दोन भाग होतात, एक ग्रिंडेलवाल्डला जातो, दुसरा लाउटरब्रुनेनला. आम्ही लाउटरब्रुनेनला पोचलो. पास असल्यानं पैसे गेले नाहीत, पण सकाळचा तासभर गेला. डब्यावर गावाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचूनच चढा.

ल्युसर्नहून इंटरलाकेनला जाताना उजव्या खिडकीशी बसा. सारनेन आणि लुंगेर्नची तळी त्याच बाजूला आहेत, आणि लुंगेर्नचं पाणी असं हिरवं की हे बोलायचेच थांबले. मायरिंगेनला गाडी उलट्या दिशेनं निघते. लोक गडबडून जागा बदलतात, तुम्ही उठू नका. तीच खिडकी आता डावी होते आणि ब्रिएंझचं तळं बरोबर तिथेच येतं. ही लाईन मीटरगेज आहे. मला आमची डभोईची छोटी गाडी आठवली. १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या काळात, ती बैल ओढायचे.

रिगीला ल्युसर्नहून बोटीनं फिट्झनाउला जा आणि तिथून १८७१ मध्ये सुरू झालेल्या दातेरी रुळांच्या गाडीनं वर. येताना बोटीत उघड्यावर बसा, पण स्वेटर हाताशी ठेवा.

खाण्याचं. भारतातून दूध किंवा मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत, म्हणून पेढे आणि दही घातलेले थेपले घरीच राहू द्या. मी नुसत्या तेलाचे थेपले, खाखरे आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी नेली. रस्त्यावरच्या कारंज्याचं पाणी पिण्याजोगं असतं. नसेल तिथे तशी पाटी असते. रविवारी बहुतेक दुकानं बंद, पण मोठ्या स्टेशनातली उघडी असतात. ब्रेड, फळं तिथूनच घ्या, किंवा शनिवारी संध्याकाळीच आणून ठेवा.