मालिकेतला वाडा पाहायला आकेरीला जाताना

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ साली सुरू झाल्यापासून सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला, मालिकेत नाईकांचा म्हणून दाखवलेला वाडा पाहण्यासाठी पर्यटक वाट वाकडी करून येतात. मात्र हा वाडा खाजगी मालकीचा आहे, हे विसरू नये. फाटकाबाहेरूनच हाक मारावी, परवानगी मिळाली तरच खळ्यात, म्हणजे अंगणात, पाऊल ठेवावे आणि घरातल्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. दुपारी जेवणाच्या आणि वामकुक्षीच्या वेळी जाणे टाळावे. भुताची मालिका म्हणून रात्री टॉर्च घेऊन जाण्याचा उत्साह तर घरीच ठेवलेला बरा.

वाडा बाहेरून पाहायला फारसा वेळ लागत नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी लांबचा प्रवास करणे मला पटत नाही. गावातले रामेश्वराचे देऊळ पाहून सावंतवाडीला यावे आणि मोती तलावासमोरच्या राजवाड्यात निवांत थांबावे. तेथे कारागीर गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाची गोल पाने हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफात प्रत्येक अवताराची १२, म्हणजे एकूण १२० पाने असतात, आणि ब्रशच्या टोकाने मत्स्याचे खवले उमटताना पाहणे, माझ्या मते, वाड्यापेक्षा अधिक रंजक आहे. लाकडी खेळणी चितारआळीत मिळतात.

रेल्वेने येणाऱ्यांनी सावंतवाडी रोड स्थानक शहराबाहेर आहे हे ध्यानात घेऊन रिक्षाचे भाडे आधीच ठरवावे, आणि आकेरीला थांबून परत आणण्याचेही त्यातच बोलून घ्यावे.