एकाचा नऊ: करडा माणूस आणि त्याचं न जमणारं प्रेम लिहायचं कसं

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. सतरा वर्षं झाली. संध्याकाळी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीचे हिशेब, मिळवायच्या, घरी येऊन भाकऱ्या थापायच्या, जेवणं उरकली की एकांकिका लिहायच्या, असा क्रम. मधली तीन वर्षं एकांकिका बाजूला ठेवून आठ भागांच्या एका वेबमालिकेचा मसुदा लिहिला. मुंबईच्या एका निर्मात्याने तो वाचला आणि फोनवर म्हणाला, "हिरोला जरा ग्रे शेड द्या, शेवट सॅड करा. डिस्टोपियन सध्या चालतंय."

ग्रे म्हणजे करडा, धड चांगला ना धड वाईट; डिस्टोपियन म्हणजे जिथं जगणंच जाच झालंय अशा कल्पित जगाची गोष्ट. सल्ला चुकीचा नव्हता. पण "आमटीत मीठ घाला" एवढाच तो उपयोगाचा होता. किती घालायचं, कधी घालायचं, ते चार खर्डे रद्दीत गेल्यावर कळलं. तुमचे तरी वाचावेत म्हणून लिहिते.

आधी गाव ठरवा. माझ्या पहिल्या खर्ड्यात 'नवनगर' होतं. काचेचे मनोरे, डोक्यावर ड्रोन, पांढऱ्या कपड्यातला सर्वाधिकारी. आमच्या नाटकाच्या ग्रुपात पुरुष पात्रं करणारा एक पोरगा आहे, त्याने भडंगाच्या गाड्यावर उभ्या उभ्या वीस पानं वाचली आणि विचारलं, "ताई, ह्या गावात माणसं संडासला कुठं जात्यात?" मला सांगता येईना. तो खर्डा तिथंच मेला.

मार्गारेट अ‍ॅटवूड यांनी 'द हँडमेड्स टेल' ही कादंबरी (१९८५) लिहिताना स्वतःला एक नियम घालून घेतला होता: माणसांनी कुठं ना कुठं, कधी ना कधी प्रत्यक्षात केलेलं नाही असं काही त्यात घालायचं नाही. हा नियम घेऊन मी आपल्याच जिल्ह्याकडे बघितलं, आणि मनोऱ्यांची गरजच संपली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्येच लातुरात पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लागली होती. पाण्यासाठी पाच माणसं एकत्र उभी राहिली की गुन्हा! आणि आमचा जिल्हा असा, की आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट असताना २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि तिकडे त्याच जिल्ह्यातल्या दुष्काळी जत-आटपाडीच्या बाया टँकरची वाट बघण्यात म्हाताऱ्या झाल्या.

मी यात फक्त एक पाऊल पुढं टाकलं. पाण्याची गाडी बंदच झाली नाही, आणि तात्पुरतं म्हणून काढलेलं परिपत्रक रद्द करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. झाला डिस्टोपिया. सरकारी कचेरीत ज्याने एकदा तरी दाखला काढलाय त्याला हे खरं वाटायला ड्रोन लागत नाही.

आता मुख्य काम, करडं पात्र. इथं बहुतेकजण दाढी वाढवतात. हिरो कमी बोलतो, सिगारेट ओढतो, लहानपणी बाप दारू पिऊन मारायचा असा एक निळसर फ्लॅशबॅक येतो. मीही केलं होतं, माझ्या दुसऱ्या खर्ड्यात बाप दोनदा मारतो. बापाच्या दारूने पात्र करडं होत नाही, फार तर बिचारं होतं.

पात्राला स्वभाव देण्याआधी हुद्दा द्या. तुटवड्याच्या गोष्टीवर त्याचा हात पाहिजे, आणि हुद्दा लहान पाहिजे. माझा हणमंत ढालगावच्या पुढं रेल्वेच्या एका साईडिंगला वाघिणींचं रजिस्टर ठेवतो. कुटुंबामागं किती हंडे, ते तो लिहितो आणि पुढच्याचा अंगठा घेतो. त्याच्या वर साहेब आहेत, त्यांच्या वर आणखी साहेब आहेत, पण रांगेतल्या माणसाला दिसतो तो हणमंतच.

मग त्याच्याकडून एक कृत्य करवून घ्या, तेही लहान. आपल्याला हे शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. नारायणराव पेशव्याच्या खुनाची गोष्ट आपण 'ध'चा 'मा' म्हणूनच सांगतो. 'धरावे'चं 'मारावे' झालं, अक्षर एक बदललं. माझा हणमंत आकडा बदलतो. १ चा ९ करतो. देवनागरीत हे फार सोपं आहे हो. आमच्या दुकानात म्हणूनच रक्कम अक्षरात लिहितात; हळदीच्या पट्टीवर मी स्वतः एकदा १ ला ९ वाचलं होतं आणि शेतकऱ्याला आठ पोत्यांचे पैसे जादा गेले होते. ते वसूल करायला मालकांनी मलाच पाठवलं. त्या माणसाच्या अंगणात उभी राहून पैसे परत मागताना मला जे वाटलं, तेवढंच मी हणमंतला दिलंय, बाकी सगळं रचलेलं.

आता खतावणी उघडा. खरोखर कागद घ्या, मधोमध रेघ मारा. एका बाजूला जमा: पात्राला, त्याच्या माणसाला काय मिळालं. दुसऱ्या बाजूला नावे: ते कुणाकडून गेलं. नावेच्या बाजूला 'समाज', 'जनता', 'गरीब लोक' असं लिहिलंत तर तुमचं पात्र करडं नाही, पांढऱ्यावर थोडी धूळ बसलीय एवढंच. तिथं एका माणसाचं नाव पाहिजे, आणि त्या माणसाचा चेहरा पहिल्या भागात दिसलेला पाहिजे. वाघीण काही फुगत नाही. शालनवर हणमंतचा जीव आहे; तिच्या घरी आठ हंडे जादा गेले तर ते रांगेतल्या सखूबाईच्या घरचे गेले, आणि सखूबाईचा नातू पहिल्या भागात हणमंतला "मामा" म्हणून हाक मारून गेलाय. बघणाऱ्याला त्या क्षणी वाटलं पाहिजे की मीही हेच केलं असतं, आणि दोन भागांनंतर तेच आठवून पोटात गोळा आला पाहिजे.

अ‍ॅटवूडच्या त्याच कादंबरीवरची मालिका २०१७ ते २०२५ चालली. बघितली नसेल तर हा परिच्छेद ओलांडा, शेवट सांगतेय. तीत निक नावाचा ड्रायव्हर आहे, जो राजवटीचा हेरही आहे. नायिका जूनवर त्याचा जीव. तो आतला माणूस आहे म्हणून तिला वाचवू शकतो, आणि आतला आहे म्हणूनच तिच्याबरोबर जाऊ शकत नाही. शेवटी ज्या विमानात तो चढतो त्यात बॉम्ब जूनच्याच बाजूच्या लोकांनी ठेवलेला असतो, आणि ती लांबून बघत राहते. तो शेवट मला पटतो. तक्रार एवढीच, की निकच्या नावेची पानं लेखकांनी बरीच वर्षं मिटून ठेवली. प्रेक्षकाने त्याचा फक्त जमाच बघितला, मग शेवटी वसुली आल्यावर अर्धे लोक चिडले. दोन्ही पानं पहिल्यापासून उघडी ठेवा.

आता प्रेम. ते न जमण्याचं कारण अपघात, कॅन्सर किंवा उशिरा पोचलेलं पत्र नको. नियम पाहिजे, आणि तो पहिल्या भागात कंटाळवाण्या आवाजात वाचून दाखवलेला पाहिजे, म्हणजे कुणी लक्ष देत नाही. माझा नियम असा: रजिस्टरवाल्याचं रांगेतल्या कुणाशी नातं असेल तर त्याची बदली. झालं. शालनची आई अंथरुणाला खिळलेली आहे, नऊ हंड्यांवर ती जगतेय. लग्न केलं तर पाणी जातं, पाणी राखलं तर लग्न जातं. खलनायकाची गरजच उरत नाही. त्याला भाषण लिहून देऊ नका, ते वाचवा. नाटककार खाडिलकर आमच्या सांगलीचे. त्यांनी १९०७ साली 'कीचकवधा'त कीचकाच्या आडून व्हाइसरॉय कर्झन दाखवला, त्याचं नाव एकदाही घेतलं नाही, तरी सरकारला ते नाटक बंद करावं लागलं.

प्रेयसी धुतल्या तांदळासारखी ठेवू नका. ही चूक मी तिसऱ्या खर्ड्यापर्यंत केली. शालनला काही माहीतच नव्हतं, आणि त्यामुळे सगळं पाप हणमंत एकटाच वाहत होता, हमालासारखा. तिलाही खतावणीत पान द्या. बघा, तिसऱ्या खर्ड्यातला हणमंत रजिस्टरपाशी म्हणायचा, "शालन, तुझ्यासाठी मी जगाशी लढेन, पण ही व्यवस्था आपल्याला जगू देणार नाही." ग्रुपातला तो पोरगा हे वाक्य म्हणताना दरवेळी हसायचा. आता ती जागा अशी आहे:

"किती?"

"नऊ."

"काल एक हुता."

"आज नऊ हाय. अंगठा लाव."

"कुणाचं?"

"अंगठा लाव, शालन. मागं माणसं हाईत."

ती लावते. "कुणाचं?" विचारून लावते, म्हणजे आता दोघांचाही अंगठा त्या पानावर आहे. जगाशी लढण्यापेक्षा हे वाईट आहे, म्हणून चांगलं आहे.

कामाच्या जागा त्या कामाच्या माणसाला दाखवा. माझ्या पाचव्या भागात दोघं एका रात्री हरिपूरला येऊन हळदीच्या पेवात लपतात. पेवं आता फारशी उरलेली नाहीत, २००५ च्या पुराने बरीच खाल्ली. जमिनीत खोल, तोंड अरुंद, आत घागरीसारखं पसरलेलं. मला वाटलं, काय जागा आहे प्रेमासाठी! आमच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्या हमालाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "ताई, मिठी मारायच्या आधीच मरतील की. पेव उघडलं की लगीच कोण उतरत न्हाई. आत वारं खेळू द्याय लागतंय." बंद पेवातली हवा श्वास घेण्याजोगी नसते, तोंड उघडून तास न् तास थांबावं लागतं. मी मिठी काढून टाकली आणि ते थांबणं ठेवलं. झाकण काढलेलं, दोघं काठावर बसलेली, मागून कुणी येईल याची भीती, आणि आत उतरता येत नाही. अख्ख्या मालिकेत ती दोघं मोकळेपणी बोलतात ते तेवढ्याच वेळात. सखूबाईच्या नातवाचं नाव शालन तिथंच काढते.

भाषेतली एक चावी मराठीत फुकट मिळते, ती वापरा. रांगेत, माणसांसमोर, ती त्याला कुठल्या नावाने हाक मारते? पहिल्या भागात "साहेब" आणि "तुमी". दुसऱ्यात रजिस्टरवर वाकून हळूच "तू". पेवाच्या काठावर "हणमंता". ही चढण मी वहीच्या शेवटच्या पानावर भागवार लिहून ठेवलीय, कारण प्रेम कबूल करणारं वाक्य आठ भागांत एकदाही नाही. तेवढं काम सर्वनामं करतात.

सातव्या भागात चौकशी लागते. अंगठा तुझाच का, असं अधिकारी शालनला विचारतो, आणि ती खरं सांगते. सखूबाईच्या नातवाचे हंडे परत मिळावेत म्हणून सांगते, आईचं पाणी जाणार हे माहीत असून सांगते. आठव्या भागात हणमंतची बदली व्हायची आहे, रजिस्टरवर त्याचा शेवटचा दिवस. रांग पुढं सरकते. तिचा नंबर येतो. तो १ लिहितो, आणि शेजारी अक्षरात 'एक'.

"अंगठा कुठं लावू, साहेब?" ती विचारते.

परवा तालमीत हे वाचलं. पोरगा इथं थांबला आणि म्हणाला, "ताई, मी हिच्याकडं बघायचं का?" मी म्हटलं, रजिस्टरकडे बघ, जागा बोटाने दाखव. त्याने दाखवली. बोट जरा जास्त वेळ तिथंच ठेवलं, ते मी सांगितलं नव्हतं. तसंच ठेवायला सांगितलंय.